खूण, मुदत, पत्ता: तोंडाच्या कॅन्सरचा मेसेज नीट कसा लिहायचा

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकायला साधारण १९ मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

००:०० – घाबरवणारा मेसेज

आजचा विषय ऐकून एपिसोड स्किप करायचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतो. आज कुणाला घाबरवायचं नाहीये. आज एक मेसेज उघडून बघायचाय, मोबाइल दुरुस्त करणारा जसा मागचं कव्हर काढून बघतो तसा.

तो मेसेज तुम्ही पाहिलेला आहे. फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी येतो. गाल फाटलेल्या माणसाचा फोटो, खाली लाल अक्षरात ‘तंबाखू सोडा, नाहीतर मरण अटळ’, आणि त्याच्याखाली ‘कमीत कमी दहा जणांना पाठवा’. ग्रुपमधले जे काका तंबाखू खातात ते फोटो बघतात, ‘शी’ म्हणतात, अंगठ्याने स्क्रीन वर सरकवतात आणि त्याच अंगठ्याने तंबाखू मळायला घेतात. ज्याच्यासाठी पाठवला त्याच्यापर्यंत मेसेज पोचला, दिसला, आणि तरीही काही झालं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक जुनं दुखणं आहे: ‘काहीतरी चुकलंय’ एवढंच सांगणारा एरर मेसेज. बघणाऱ्याला कळतं की गडबड आहे. पण कुठे आहे, किती तातडीची आहे, आता काय दाबायचं, यातलं काहीच कळत नाही. मग तो काय करतो? खिडकी बंद करतो आणि पुढे जातो. कामाचा एरर मेसेज तीन गोष्टी सांगतो. काय बिघडलंय, किती वेळात बघायचंय, आणि पुढे कुठे जायचंय.

तोंडाच्या कॅन्सरच्या मेसेजला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. खूण, मुदत आणि पत्ता. आजचा अख्खा एपिसोड या तीन शब्दांवर आहे.

०२:१० – आकडे थोडेच, पण लक्षात ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे की २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ८० हजार माणसं गेली.

दुसरा आकडा आपल्या राज्याचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे खाणारे, मळणारे, लावणारे. बिडी-सिगारेट ओढणारे होते ३.८ टक्के. याचा अर्थ साधा आहे. आपल्याकडे तंबाखू मुख्यतः ओढली जात नाही, तोंडात ठेवली जाते. गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत तासन्‌तास बार भरलेला असतो, त्यात चुना असतो, आणि चुन्यामुळे निकोटिन आणखी पटकन रक्तात जातं. म्हणूनच आपल्याकडे कॅन्सरही बऱ्याचदा त्याच खाचेत होतो.

आता यातली विचित्र गोष्ट बघा. पोटाच्या आत काय चाललंय ते बघायला मशीन लागतं. तोंड? आरशासमोर उभं राहून ‘आ’ केलं की दिसतं. जो आजार उघड्या डोळ्यांना दिसतो तो घेऊन माणसं उशिरा का पोचतात? परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवरून, नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेवरून कधी चालत गेलात तर राज्यभरातून आणि राज्याबाहेरून आलेली कुटुंबं दिसतील, हातात फाइल, नाकात नळी. त्यातल्या बऱ्याच जणांना पहिली खूण महिनोन्‌महिने आधी दिसलेली असते. खूण दिसली होती, पण ती खूण आहे हे कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

०४:३० – मुकेश

तुम्ही थिएटरमध्ये गेला असाल तर मुकेशला ओळखता. मुकेश हराणे, आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळचा मुलगा. गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला, टाटामध्ये उपचार चालू असताना त्याने कॅमेऱ्यासमोर आपली गोष्ट सांगितली, आणि २७ ऑक्टोबर २००९ ला तो गेला. वय २४. आज हे ऐकणाऱ्यातले कितीतरी जण त्याच्याहून मोठे असतील.

२ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूची दृश्यं असलेल्या सिनेमांना सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर असे तीस-तीस सेकंद दाखवणं सक्तीचं झालं. त्यातून मुकेश देशभर पोचला. आणि मग आपण काय केलं ते आठवा. त्याच्या आवाजाची नक्कल, त्याच्यावर मीम्स, थिएटरात त्याच्याबरोबर संवाद म्हणणारी पोरं. मी इथे कुणाला नैतिक डोस देत नाहीये. भीती पुन्हा पुन्हा दाखवली आणि तिच्यापुढे करण्यासारखं काही दिलं नाही, की माणूस तिच्यावर हसून सुटका करून घेतो. मन असंच चालतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भीती फुकट जाते असंही नाही. त्याच २००९ साली टाटाच्या सर्जनना घेऊन केलेली एक जाहिरात टीव्ही-रेडिओवर सुमारे सहा आठवडे चालली होती. नंतर तंबाखू खाणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा जाहिरात आठवणाऱ्यांमध्ये धोक्याची माहिती जास्त होती आणि सोडायचा विचारही जास्त होता. म्हणजे भीती दार ठोठावते. दार उघडल्यावर आत काय द्यायचं, हा पुढचा प्रश्न.

त्याचं अर्धं उत्तर पुडीवर आलंय. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्यासाठी राखला गेला, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून त्यावर एक फोन नंबर छापला जातो: १८००-११-२३५६. सवय सोडायला मदत करणारी ही फुकट हेल्पलाइन आहे. नुसतं ‘सोडा’ म्हणणं वेगळं आणि ‘सोडायचंय? इथे फोन करा’ म्हणणं वेगळं. दुसऱ्यात पत्ता आहे.

पण ज्याच्या गालात आज चट्टा आहे त्याला फक्त सोडून भागणार नाही, दाखवायलाही लागेल. ती खूण आणि तो पत्ता पुडीवर नाही.

०७:०० – कुलाब्याहून निघालेला प्रयोग

आता जरा मागे जाऊ. सोशल मीडिया सोडाच, घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता तेव्हाची गोष्ट. आपल्या कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. आपल्याला ती फिजिक्स आणि गणितासाठी माहीत असते. पण तिथे दंतसंशोधनाचाही एक विभाग होता आणि त्यात डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता असे लोक काम करत होते. त्यांनी विचारलेला प्रश्न आजही नवा वाटतो: नीट समजावून सांगितलं तर तोंडाचा कॅन्सर टाळता येतो का?

त्यांनी केरळमधला एर्नाकुलम, गुजरातमधला भावनगर आणि आंध्रमधला श्रीकाकुलम असे तीन जिल्हे घेतले. तंबाखू वापरणारी ३६ हजार माणसं. डेंटिस्ट घरोघरी गेले, प्रत्येकाचं तोंड तपासलं आणि तिथल्या तिथे बोलले. जोडीला पोस्टर, वर्तमानपत्र, रेडिओ, फिल्म. वर्षानुवर्षं हे चाललं. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच वर्षांचे निष्कर्ष आले. एर्नाकुलममध्ये, ज्यांना असं समजावलं गेलं त्यांच्यात तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे जास्त निघाले, आणि तोंडात नव्याने पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

हे पुन्हा ऐका. गोळी नव्हती, ऑपरेशन नव्हतं. नीट बोलल्यामुळे कॅन्सरच्या आधीची पायरीच कमी झाली. फक्त त्या बोलण्यात एक गोष्ट होती जी फॉरवर्डमध्ये नसते. बोलणाऱ्याने आधी त्या माणसाच्या तोंडात बघितलं होतं. ‘तंबाखूने कॅन्सर होतो’ हे वाक्य सगळ्या जगासाठी असतं. ‘तुमच्या डाव्या गालात इथे पांढरं झालंय’ हे एकाच माणसासाठी असतं, आणि ते तो विसरत नाही.

०९:१० – तुमच्या खिशातला टॉर्च

दुसरा प्रयोग तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला. १९९६ मध्ये सुरू झाला, सुमारे १ लाख ९० हजार लोक, सगळे ३५ वर्षांच्या पुढचे. डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंड बघायचं, संशय आला तर पुढे पाठवायचं. बास. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये, जिथे तोंडं तपासली गेली त्या भागांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते.

आणि लवकर सापडला तर पुढे काय? याचं एक उत्तर आपल्या परळमधूनच आलंय. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो जगभर गाजला. मुख्य ऑपरेशनच्या वेळीच मानेतल्या गाठीही काढल्या तर ३ वर्षांनंतर १०० पैकी ८० रुग्ण जिवंत होते. गाठी नंतर, गरज पडेल तेव्हा काढल्या त्यांच्यात हा आकडा ६७.५ होता. अभ्यास ऑपरेशनच्या पद्धतीबद्दल होता, पण आपल्यासाठी त्यातली बातमी ही: लवकर पोचलेल्या आणि नीट उपचार मिळालेल्या शंभरातले ऐंशी. ‘मरण अटळ’ लिहिणाऱ्या फॉरवर्डला हा आकडा माहीत नसतो. ‘अटळ’ वाचलेला माणूस दाखवायला जात नाही. अटळच आहे तर कशाला जायचं?

आता टॉर्च. तुमच्या फोनमध्ये आहे. महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. हात धुवा, कवळी असेल तर काढा, आरशासमोर उभे राहा. ओठ उलटे करून बघा. दोन्ही गाल आतून, हिरड्या, गाल-हिरडीमधली खाच. जीभ बाहेर काढून वरून आणि दोन्ही कडांनी. मग जीभ टाळूला लावून खालची बाजू. शेवटी डोकं मागे करून टाळू. आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गाठ लागते का ते.

काय बघायचं? न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि लाल जास्त गंभीर. न भरणारी जखम. गाठ, किंवा जाड झालेली जागा. कारण नसताना हलणारा दात. गिळताना त्रास. आणि तोंड कमी उघडणं. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. आधी जायची आणि आता जात नाहीत, तर ती खूण आहे.

एक इंजिनीअर म्हणून सूचना. फोटो काढून ग्रुपवर ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. फोनचा कॅमेरा रंग स्वतःहून बदलतो, फिल्टर त्वचा गुळगुळीत करतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. जिथे सगळा खेळ पांढऱ्या-लाल रंगाचा आणि खरखरीतपणाचा आहे, तिथे असा फोटो निकाल देऊ शकत नाही. फोटो स्वतःजवळ ठेवा, तारखेसकट. पंधरा दिवसांनी तुलना करायला आणि डॉक्टरांना दाखवायला तो उपयोगी आहे.

१२:०० – शब्द कुणाचे?

आता भाषेकडे येऊ, कारण खूण कितीही खरी असली तरी शब्द चुकला की ती पोचत नाही.

सरकारी पोस्टरवर भाषा कशी असते? ‘मुखातील दीर्घकाळ न भरणारे व्रण’. गिरगावातल्या चाळीत कुणी आईला सांगतं का, ‘आई, माझ्या मुखात व्रण आहे’? आपण म्हणतो, ‘तोंड आलंय’. तिखट लागलं की झोंबतं, जेवण जात नाही, कुणीतरी म्हणतं उष्णतेने झालं, तूप लाव. साधं तोंड आलेलं आठ-दहा दिवसांत जातंच. म्हणून मेसेज त्या शब्दापासून सुरू व्हायला हवा: ‘तोंड आलंय आणि दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवा.’ यात खूण आहे आणि मुदतही. शिवाय साध्या तोंड येण्याला कुणी घाबरत नाही.

दुसरा शब्द, ‘तंबाखूजन्य पदार्थ’. आजीला विचारा, ‘आजी, तंबाखू खातेस का गं?’ ती म्हणेल, ‘छे, मी कुठली खाते!’ आणि सकाळी-संध्याकाळी मिश्री लावेल. तिच्या लेखी मिश्री हे दात घासायचं साधन आहे. पण मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. मेसेजमध्ये नावं घ्यायला लागतात: तंबाखू-चुना, मावा, खर्रा, गुटखा, मिश्री, तपकीर. ज्याचं नाव घेतलं नाही तो समजतो की आपण यात नाही.

आणि हे फक्त आजीचं नाही. लालबाग-परळमध्ये ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांना माहीत असेल, कापसाच्या धुळीत बिडी पेटवणं म्हणजे आगीला बोलावणं. मग पाळी संपेपर्यंत तंबाखू मळून दाढेत धरायची. गिरण्या गेल्या, टॉवर आले, सवय मात्र घरात राहिली.

तिसरा शब्द आपल्या वयाच्या लोकांसाठी: ‘सुपारी’. ‘मी तंबाखू नाही खात भाई, साधी सुपारी आहे, पान मसाला आहे.’ २००४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. सुपारीमुळे गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट सहन होत नाही, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. वडापाव खाताना आ करता येत नाही म्हणून हसण्यावारी नेणारा कॉलेजचा मित्र तुमच्या ओळखीत असेल तर त्याला तीन बोटांची चाचणी सांगा.

१४:२० – फॉरवर्डमधल्या चार गोष्टी

आता ग्रुपवर फिरणाऱ्या चार समजुती, आणि प्रत्येकीला छोटं उत्तर.

एक. ‘कॅन्सरला हत्यार लावलं की तो पसरतो, म्हणून तुकडा काढू देऊ नका.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून छोटा तुकडा काढणं, त्याशिवाय नक्की कळत नाही. तुकडा काढल्यामुळे आजार पसरत नाही. तुकडा काढायला घाबरून घालवलेल्या चार महिन्यांत तो पसरतो.

दोन. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही.’ उलट आहे. साधं तोंड आलं की दुखतं. कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. दुखण्याची वाट बघणं म्हणजे उशीर करणं.

तीन. ‘आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, रोज तंबाखू खायचे.’ असतीलही. हेल्मेट न घालता आयुष्यभर गाडी चालवलेलेही असतात. जे वाचले ते किस्से सांगतात, जे गेले ते सांगायला नसतात.

चार. ‘गुटखा बंद झाला, आता दुकानात मिळतं ते कायदेशीर आहे, म्हणजे चालतं.’ महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ च्या जुलैमध्ये बंदी आली. त्यानंतर टपरीवर दोन पुड्या वेगवेगळ्या मिळायला लागल्या, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, आणि मिसळायचं काम गिऱ्हाईकाकडे आलं. पुड्या दोन झाल्या तरी तोंड एकच आहे.

यात एक गोष्ट जपा. समजूत खोडताना समोरच्याला मूर्ख ठरवलं की तो समजूत आणखी घट्ट धरतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर काकांना खोटं पाडू नका. बाजूला एक फोन करा.

१६:०० – घरी कसं बोलायचं

एका लालबागच्या श्रोत्याने विचारलं होतं: ‘पप्पांच्या गालात आतून पांढरं दिसतंय. दुखत नाही म्हणतात. विषय काढला की उठून बाल्कनीत जातात. त्यांना कुठला व्हिडिओ पाठवू?’

माझं उत्तर: एकही पाठवू नकोस. पप्पांना माहिती कमी पडत नाहीये, त्यांना भीती वाटतेय आणि थोडी लाजही. दोन्ही गोष्टी व्हिडिओने वाढतात. त्यापेक्षा असं म्हण, ‘पप्पा, मला शनिवारी सकाळी दात दाखवायला जायचंय. तुम्ही पण चला, दोघांचे केसपेपर काढू, येताना नाश्ता करू.’ दात दाखवायला कुणी लाजत नाही. आणि तोंड नीट बघणारा पहिला माणूस बहुतेक वेळा डेंटिस्टच असतो. कॅन्सर हा शब्द दारात काढायची गरजच नाही.

आणि ‘पांढरं दिसतंय’ म्हणजे कॅन्सरच असंही नाही. बरेचसे चट्टे कॅन्सर होत नाहीत. काही वेळा तुटलेल्या दाताची धार गालाला घासत असते, दात घासून गुळगुळीत केला की जखम भरते. कुठलं काय आहे हे बघणाऱ्यालाच ठरवू द्या.

लाजेबद्दल अजून एक. महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांनाही हा आजार चुकला नाही. आर. आर. पाटील, आपले आबा, १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनेच गेले. शरद पवारांनी आपल्या सवयीबद्दल आणि २००४ सालच्या ऑपरेशनबद्दल जाहीरपणे, अनेकदा सांगितलंय. ज्याला झाला आणि जो त्यातून बाहेर येऊन कामाला लागला, अशा माणसाने साध्या शब्दांत सांगितलेलं शंभर घोषणांपेक्षा जास्त ऐकलं जातं. तुमच्या वाडीत, मंडळात असं कुणी असेल आणि बोलायला तयार असेल, तर गणपतीच्या मंडपात निवेदकाच्या दोन गाण्यांच्या मध्ये त्यांना पाच मिनिटं द्या.

१७:३० – पत्ता

दक्षिण आणि मध्य मुंबईत राहणाऱ्यांना पत्ता शोधायला लांब जायला नको. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे. सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे. परळला केईएम. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, आणि खिडकीवर एवढंच सांगायचं: ‘तोंडातली जखम दोन आठवडे भरत नाहीये, दाखवायचंय.’ हे वाक्य पाठ करून जा, कारण त्यात खूण आणि मुदत दोन्ही आहे आणि ऐकणाऱ्याला नेमकं कळतं कुठे पाठवायचं. थेट टाटाच्या नावाने धसका घेऊन घरी बसण्यापेक्षा ही पहिली पायरी सोपी आहे. गरज पडली तर तेच पुढे पाठवतात.

पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं. पण ती पुढची गोष्ट. पहिली तपासणी पैशासाठी अडवू नका.

१८:१० – मेसेज

आता आपण मघाशी उघडलेला मेसेज बंद करून त्याच्या जागी हा ठेवू. फाटलेल्या गालाचा फोटो नाही, लाल अक्षरं नाहीत. कॉपी करा, शब्द तुमच्या घरचे घाला:

‘तोंड आलंय आणि दोन आठवड्यांत गेलं नाही? गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा आहे? तोंडात तीन बोटं जात नाहीत? दुखत नसलं तरी दाखवा. बहुतेक वेळा साधंच निघतं, आणि कॅन्सर असला तरी लवकर सापडला तर उपचार चांगले लागू पडतात. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री किंवा नुसती सुपारी घेत असाल तर महिन्यातून एकदा मोबाइलच्या टॉर्चने तोंड बघा. तपासायला: नायर डेंटल, मुंबई सेंट्रल, किंवा सरकारी डेंटल कॉलेज, सीएसएमटीजवळ. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६, फुकट. एकटं जायला नको वाटत असेल तर मला सांगा, मी येतो.’

शेवटचं वाक्य काढू नका. फॉरवर्डमध्ये ते नसतं, कारण फॉरवर्ड करणारा कुणाबरोबर जात नाही.

आणि दहा जणांना पाठवायची गरज नाही. ज्याचं नाव हा एपिसोड ऐकताना तुमच्या डोक्यात आलं, त्या एकाला पाठवा. मग संध्याकाळी फोन करून विचारा, शनिवारी जमेल का.

एवढंच. भेटू पुढच्या भागात.